पितळी तबकडी

गाडी चर्चमागे लाव, असं त्याने फोनवर सांगितलं होतं,
पबच्या आवारात लावलीस तर मॉइरा चिडते.
मग गडग्याच्या कडेकडेने वर.
तिसऱ्या फाटकाची कडी उलटी आहे,
खाली नाही, वर ओढायची.
खाली तीनदा ओढून झाल्यावर मला हे आठवलं.

वाट तशी काही खास नाही.
गेल्या वर्षीचा तांबूस नेचा, मेंढ्यांच्या लेंड्या,
गडग्यात ना चुना ना माती,
दगडांना फक्त एकमेकांचा भार.
एक मेंढी माझ्याकडे बघत राहिली,
भाडं थकवलेल्या बिऱ्हाडकरूकडे बघावं तशी.
वर कुठेतरी कर्ल्यूची शीळ,
उकळी फुटण्याआधी पाणी बोलतं तशी.

आणि एकाएकी जमीन संपते.

माझी टोपी उडाली. ती अजून खालीच असेल,
त्या मोहरीच्या पिवळ्या पट्ट्यात किंवा तळ्यात,
किंवा कुणा ट्रॅक्टरवाल्याच्या डोक्यावर.
एवढं सगळं एकदम दिसलं की
माणूस आधी काहीतरी क्षुल्लक शोधतो:
वाळत घातलेली चादर, लाल टपालगाडी.

छातीएवढ्या खांबावर ती तबकडी.
मधून निघालेल्या बारा रेघा,
रेघेच्या टोकाला टेकडी, मनोरा, गाव आणि मैल.
डेझमंड ऑलरेनशॉ आधीच येऊन बसलेला,
डब्यात मीठ, बाटलीत व्हिनेगर,
आणि जुन्या पायजम्याची चिंधी.
दर महिन्याचा पहिला मंगळवार.
त्याला कुणी सांगितलं नव्हतं. कुणी थांबवलंही नाही.

नववी रेघ आग्नेयेला जाते.
थॉर्ले वीज केंद्र, सोळा मैल.
मी बोटाच्या रोखाने पाहिलं.
धुकं नव्हतं. हिरवं, पिवळं,
मग निळसर, मग आणखी निळसर,
मग आभाळ.

‘गेले ते,’ तो म्हणाला,
समोरचं बिऱ्हाड हललं म्हणून सांगावं तसं.

एकतीस वर्षं तो तिथे, दुसऱ्या टॉवरच्या पायाशी,
जिथे पाणी दिवसरात्र आतल्या आत कोसळायचं
आणि बोलायचं तर कानाला तोंड लावून.
दुरून डोंगर साजरे, हे मी त्याला समजावून सांगितलं.
तो हसला. पहिल्यांदा इथून पाहिले तेव्हा
त्याने ते ओळखलेच नव्हते:
कुणीतरी आठ कप मांडून ठेवलेत
आणि चहा अजून वाफाळतोय.

पाडले त्या रविवारी हा कडा माणसांनी भरला होता.
फ्लास्क, घोंगड्या, खांद्यांवर पोरं.
मॉइराने बेकन-पावाचं टेबल इथवर चढवलं
आणि नऊ वाजताच पाव संपले.
कप आधी कमरेत वाकले, मग खाली बसले,
आणि आवाज?
आवाजाला इथवर यायला सव्वा मिनिट लागलं.
लोकांनी टाळ्या वाजवल्या
तेव्हा तो अजून वाटेतच होता.

कौन्सिलचं पत्र आलंय, नववी रेघ बुजवावी म्हणून.
त्याने उत्तर दिलेलं नाही.
ती रेघही तो बाकीच्यांसारखीच घासतो,
जास्त नाही, कमी नाही.

तेवढ्यात एक कुटुंब धापा टाकत आलं.
बाप फोनला रेंज शोधू लागला.
चिखलाने माखलेल्या बुटांची मुलगी चवड्यांवर उभी राहून
एकेक नाव वाचत, एकेक नाव शोधत
नवव्या रेघेशी अडली.
कुठेय?
ऑलरेनशॉने चिंधी खिशात कोंबली,
तिचे खांदे धरून तिला जराशी वळवली.
‘तो एकटा ओक दिसतो? त्याच्या डावीकडे.
अजून थोडं. हं. तिथे नाहीयेत ते.’
ती बराच वेळ बघत राहिली.
मग म्हणाली, ‘केवढे होते?’
त्याने हात पसरले, पुरेनात,
पुन्हा खाली घेतले.

मी निघालो. बोटांना व्हिनेगरचा वास,
उघड्या डोक्यावर वारा.
तिसऱ्या फाटकाशी
मी कडी पुन्हा खालीच ओढली.