उलटी वही

सर्जेकोटच्या बंदरावर भिवशेटची वही
नेहमी त्याच्याकडेच तोंड करून बसायची.
आमच्या बाजूने अक्षरांचे पाय वर, डोकी खाली,
शिरोरेघ तळाशी,
ओहोटीनंतर राहते तशी.

म्हणून मी वाचायला शिकले ती उलटी.
शाळेआधी. आवशीच्या हाऱ्याला टेकून,
मनगटावरचे बांगड्याचे खवले खरवडत.
मला ठाऊक होतं की छत्तीस
उलटं पाहिलं तरी छत्तीसच,
शेपूट तेवढं वर.
पहिलीत बाईंनी पुस्तक सरळ धरलं तेव्हा वाटलं,
यांना वाचता येत नाही.

पाटीमागे एक शिंपी
आवस डब्यात टाकायची.
महिन्याअखेर शिंप्या एक्केचाळीस,
वहीत तेहतीस.
"लिवलेला कधी खोटा असता काय गो?"
भिवशेट हसायचा, चहा सांगायचा.
चहाही लिहायचा.

एकदा मी मोठ्याने वाचलं :
देवकी जुवाटकर. पाट्या तेहतीस. चहा चार.

बर्फ फोडणाऱ्याचा हात थांबला.
आवशीने पाठीत धपाटा घातला,
पण तो लागला नाही.
दुसऱ्या दिवशी भिवशेट तिला जुवाटकरीण म्हणाला,
कालपर्यंत ती नुसती "गो" होती.
पाट्या एक्केचाळीस झाल्या नाहीत,
सदतीस झाल्या.
आणि वहीवर त्याचा डावा हात
आडवा पडला, तो कायमचा.

आता सोसायटीच्या खुर्चीवर मी.
आनंदीबाय तांडेल अंगठा पुढे करते,
आयुष्यभर विळीने चिरलेला,
मिठाने रेषा खाल्लेला.
मशीन तिला ओळखत नाही,
शाईत उमटतो तो नुसता निळा डाग.
"काय लिवलंस गो बाय?"
"बरोबर आसा तां," मी म्हणते, मान वर न करता,
आणि दिसतो मला पानावर
माझाच डावा हात.

याला कुणी शिकवलं?
मी तर नाही.

वही फिरवली तिच्याकडे.
बोट ठेवलं : हे तुमचं नाव. हे वजन. ही कापलेली रक्कम.
कशाची कापली, ते मलाही नीट सांगता येईना.
ती जराशी मागे सरकली, पदर सावरून,
जसं कुणी परकं घरात आलं.
"फिरव ती परत. माझ्या बाजून इली
की माका भियां वाटता."

मी परत फिरवली नाही.
तिनेही पुढे ओढली नाही.
वही मध्येच राहिली, आडवी,
खिडकीकडे तोंड करून,
दोघींनाही मान वाकडी करावी लागेल अशी.
बाहेर लिलाव सुरू झाला होता.