खो न मिळता

हडर्सफील्ड. बुधवार. चिप्सवरच्या व्हिनेगरचा वास.
मॉरीन, एकेकाळची बसड्रायव्हर, आता आमची गेममास्टर, बजावते:
आपल्या पाळीत एक चाल, एक वार.
दुसऱ्याच्या पाळीत मात्र
खो न मिळता उठायची मुभा,
फेरीत एकदाच.

गॉब्लिन माझ्या भाल्याच्या टप्प्यातून सटकला.
"हाणतोस?"
मी फासा मुठीत दाबून गप्प.
ती एकुलती उडी
डेस्मंडपुढे ढाल धरायला ठेवलेली;
त्याच्या जादूगाराचे तीनच प्राण उरलेले,
आणि सोमवारी नोकरीही गेलेली.

त्याच्यावर कुणी धावलंच नाही.
माझी पाळी आली,
शिल्लक पुसली गेली.

बसस्टॉपवर तो म्हणाला, "निघतो."
एक पाऊल टप्प्याबाहेर.
"जेवलास का रे?"
मी मध्येच.
पाळी कुणाची होती, कुणास ठाऊक.