नदी हलली

खिडकी क्रमांक तीन. माझ्या पाठीशी
नेब्रास्काचा नकाशा, त्यावर कॉफीचा जुना डाग;
नवी पोरं त्याला तळं समजतात.

काम सोपं आहे. आपलं कोण, बाहेरचं कोण.
आपल्याला निम्मी फी, बाहेरच्याला पुरी.
बारा महिन्यांची विजेची बिलं, गाडीचा परवाना,
आईबापांनी कर कुठे भरला –
कागद बोलतात, मी शिक्का मारते.
माझ्या स्वतःच्या कागदांना वाचा फुटायला
इथे अकरा वर्षं लागली. ते असो.

ऑगस्टातल्या मंगळवारी टेसा व्होपाट आली,
बुटांना वाळलेला चिखल, हातात दोरीने बांधलेली फाईल.
म्हणाली, घर नदीपलीकडे आहे,
पण नेब्रास्कात आहे.

मी म्हटलं, अगं, पलीकडे मिसुरी.
नदीचंही नाव तेच, राज्याचंही. नदी हीच तर शीव.

होती, ती म्हणाली.
खापरपणज्याने जमीन घेतली तेव्हा नदी शेताच्या पूर्वेला होती.
मग एका जुलैत रात्रीतून उठली
आणि पश्चिमेला जाऊन निजली.
शेत तिथेच. मका तिथेच.
आम्ही कुठेच गेलो नाही, मॅडम.

वीज मात्र पलीकडच्या कंपनीची.
संगणकाला पिनकोड कळतो,
नदीचा स्वभाव कळत नाही.
तो म्हणाला: बाहेरची.
फरक, वर्षाला सात हजार चारशे डॉलर.
तिने बेरीज आधीच केली होती,
बियाण्याच्या पावतीमागे, पेन्सिलीने, हातचे धरून.

विधानसभेने यंदाही कात्री लावली.
ग्रंथालय शनिवारी बंद,
जर्मन शिकवणारे लिंडक्विस्ट सर मे महिन्यातच घरी गेले.
वरून पत्र आलंय: बाहेरचे विद्यार्थी वाढवा.
घरच्यांसाठी घातलेली पंगत
आता पाहुण्यांच्या पैशावर उठते.

मी दोरी सोडली.
आत कराच्या पावत्या. एकोणीसशे चारपासूनच्या.
दुष्काळातली एक, दोन हप्त्यांत भरलेली.
युद्धातली एक, विधवेच्या सहीची.
सगळ्या याच राज्याच्या नावे.
ह्या भिंतीतल्या चार विटा तरी
त्यांच्या मक्याच्या असतील.

संगणकाचा निकाल फिरवायला एक चौकट असते.
कारण लिहा, साठ अक्षरांत.
मी लिहिलं:
नदी हलली. विद्यार्थिनी हलली नाही.

तिसऱ्या मजल्यावरून फोन वाजतोय.
ग्लेन असणार, कारण कसलं हे म्हणून विचारायला.
वाजू दे जरा.

खाली पार्किंगमध्ये ती पावती वाचतेय,
मग उलटी करून मागची कोरी बाजूही.
आता पुलाकडे वळेल. तीस मैलांचा फेरा.
स्वतःच्या राज्यातल्या घरी पोचायला
परक्या राज्यातून.