तीन बोटं

दाढ दुखाले लागली तेव्हा पयले लवंग दाबली.
मंग मीठ गरम करून फडक्यात बांधलं.
मंग मेडिकलवाल्या नानाजीनं पुडीत चार गोळ्या देल्ल्या,
दोन पिवळ्या, दोन पांढऱ्या,
नाव नाही, गाव नाही.

मंगळवारच्या बाजारात एक बाई बसते,
भुईरिंगणीच्या बियांचा धूर देते नळीतून
अन् वाटीतल्या पाण्यात कीड दाखवते.
मीही पाह्यली. बारीक, पांढरी, हलत नव्हती.
वीस रुपये देऊन घरी आलो
त कीड तिच्या वाटीत, ठणका माह्या दाढेत.

दाताचा डॉक्टर कुठी, ज्याले त्याले विचारलं.
कोणी म्हणे ब्रह्मपुरी, कोणी म्हणे नागपूरच.
कंडक्टर म्हणे, सिंदेवाहीले उतर,
कृषी केंद्राच्या माडीवर.
पाटी खताच्या जाहिरातीमागं झाकली आहे,
पण पायऱ्यांवर लोकं गाल धरून बसलेले दिसतीन,
तोच पत्ता.

गेडाम डॉक्टरबाई. माह्या पोरीच्या वयाची.
खुर्ची आडवी झाली, डोळ्यावर दिवा आला.
म्हणे, काका, आ करा.
केला.
म्हणे, पूर्ण करा.
मी म्हटलं, पूर्णच आहे.

तिनं दिवा थोडा बाजूले केला.
म्हणे, तुमचीच तीन बोटं जोडा,
उभी करून घाला तोंडात.
दीड गेलं.

म्हणे, दाढ किडली म्हणजे आत किडा नसतो, काका,
भोक पडतं, हळूहळू नसेपर्यंत जातं,
ते साफ करून भरता येतं.
पण दीड बोटात माझं यंत्र मागच्या दाढेपर्यंत जाणार कसं?
गाल आतून पांढरे झालेत, ताठ,
बोट फिरवलं की दोरे लागतात.
तिखट झोंबतं का?

झोंबते. दोन वर्षं झाली
वनमाला माह्यापुरती भाजी अलग काढते.
मी समजलो, बाजारातल्या मिरच्याच बदलल्या.

खर्रा किती?

आता काय सांगू बाई.
खातो किती त्याचा हिशोब नाही,
घोटता घोटता चाखतो.
विकतो ते रोजचे दोनशे.

ती रागावली असती त बरं झालं असतं.
तिनं गोळ्यांची चिठ्ठी लिहिली,
आइस्क्रीमच्या काड्यांचा जुडगा देल्ला.
दातांच्या मधात रचा, रोज एक वाढवा.
खर्रा बंद. तोंडातला फोड भरला नाही तर लगेच या,
नाहीतर महिन्यानं. तेव्हा दाढेचं पाहू.
म्हणे, गेलेलं सगळं परत येणार नाही,
पण जाणं थांबतं.

दुसऱ्या दिवशी ठेला उघडला.
पाट पुसला, सुपारी काढली, चुन्याची डबी, पन्नी.
पयला गिऱ्हाईक टेकचंदचा पोट्टा,
मिशी अजून फुटायची आहे.
म्हटलं, थांब, पयले तीन बोटं घाल तोंडात.
तो हसला. माह्याकडं पाहत घातली.
दोन गेली.
तिसऱ्यापाशी त्याचं हसू अडलं.

मंग म्हणे, काका, दे ना लवकर, ट्रॅक्टर चालू आहे.

खोटं कायले बोलू,
त्या दिवशी घोटून देल्ला.
तिसऱ्या दिवशी ठेलाच उघडला नाही.
चौथ्या दिवशी चण्या-फुटाण्याचा भाव विचारून आलो,
अजून ठरलं नाही.

रात्री आरशापुढं बसतो.
वनमाला मोबाइलची बत्ती धरते,
पोरगी मोजते.
अकरा काड्या जातात.
बारावी दातावर टेकवून
तिघंही गप्प उभे राहतो.