मंगळवार ते मंगळवार

मेरेआनाची खोली बावीस नंबरची.
दोन पलंग, एक किटली, भिंतीला जखडलेला टीव्ही,
आणि ड्रॉवरमध्ये तशीच राहून गेलेली माहितीपुस्तिका :
रोटोरुआचे उष्ण झरे बघा, उसळता चिखल बघा,
तीन दिवस, दोन रात्री, न्याहारीसकट.
तिला चौदावा महिना लागलाय.

या गावात पाणी जमिनीखाली आपोआप उकळतं.
गटाराच्या झाकणातूनसुद्धा वाफ येते.
गंधकाच्या वासानं नवा माणूस नाक धरतो,
तिला तो वास येतच नाही.
तिची पणजी याच वाफेवर रताळी शिजवायची,
इथून चालत गेलं तर अर्धा तास.
खोलीत शेगडीला मनाई आहे.
मेरेआना किटलीत अंडी उकडते.

मंगळवारी कचेरी.
टेबलापलीकडची लिओनी वाईट नाही, मागे एकदा
तामातीला तिनं स्वतःच्या डब्यातला केक दिला होता.
"या आठवड्यात किती घरं बघितलीत?"
नऊ. कागद पुढं सरकतो.
नऊही ठिकाणी विचारलं, मुलं किती,
आणि सध्याचा पत्ता?
पत्ता ऐकला की फोनवरचा माणूस जरा थांबतो.
मग म्हणतो, कळवतो.
लिओनी शिक्का मारते. अजून सात दिवस.

एकदा स्क्रीन चुकून इकडे वळली होती.
मोटेलवाल्याला एका रात्रीचे सरकार किती देतं
ते मेरेआनानं वाचलं,
बोटांवर आठवड्याचे केले, महिन्याचे करायला लागली,
आणि बोटं कोटाच्या खिशात घातली.
त्या पैशात अंगण आलं असतं. लिंबाचं झाड
बहुतेक नसतं आलं.

भिंतीत खिळा ठोकायचा नाही, हाही नियम.
पणजीचा फोटो टॉवेलात गुंडाळून बॅगेत आहे.
रात्री कधी कधी ती तो काढते,
किटलीला टेकवून ठेवते,
सकाळी तपासणीआधी पुन्हा आत.
हनुवटीवर गोंदण असलेली म्हातारी
टॉवेलात किती दिवस गप्प बसेल, कोण जाणे.

पण न्हाणीघराच्या दारामागे,
जिथं तपासणारी बाई वाकून बघत नाही,
पेन्सिलीच्या दोन रेघा आहेत.
खालची आले त्या आठवड्यातली.
वरची कालची. तामाती टाचा उचलत होता,
तिनं खांदे दाबून त्याला सरळ उभं केलं.

चार बोटं.
तात्पुरत्या जागेत पोरगं
चार बोटं वाढलंय.