शेवटची अकरा मिनिटं

हलमध्ये, जुन्या गोदीजवळच्या थिएटरात
माझी ड्यूटी दाराशी, हातात झाडू आणि काळी पिशवी.
सिनेमा संपायच्या अकरा मिनिटं आधी
आत जाऊन भिंतीशी उभं राहायचं, हा ग्रॅहमचा नियम.
त्यामुळे नववा भाग मी सव्वीस वेळा पाहिला
आणि एकदाही पाहिला नाही.

मला माहीत आहे ते एवढंच:
जहाज जळतंय. म्हातारी कॅप्टन जिन्यावर बसली आहे.
आणि तो डबा, पहिल्या भागापासून मुका,
नुसता हिरवा दिवा लुकलुकवणारा,
(इथले लोक त्याला लाडानं पी म्हणतात,
मी मनातल्या मनात मटार)
तिच्याजवळ घरंगळत येतो
आणि चाळीस वर्षांत पहिल्यांदा बोलतो:
"मी मोजत होतो."
मग अंधार. मग नावं.

काय मोजत होता, ते आधीच्या दोन तासांत आहे.
तेव्हा मी पाच नंबरमध्ये
सांडलेला कोक पुसत असते.

गुरुवारी रात्री बाराचा खेळ.
पुठ्ठ्याची शिरस्त्राणं, गालांना चंदेरी रंग,
एका बाईनं तर तान्ह्या बाळालाही अँटेना लावलेली.
मटार बोलला
आणि अख्खं थिएटर श्वास घ्यायचं विसरलं.
मग एक हुंदका, मग टाळ्या,
मग मागच्या रांगेतून, "नाही! नाही! नाही!"
घरातली गोष्ट कुणी चव्हाट्यावर मांडावी, तसा.
लोंढा भांडतच बाहेर पडला.
"त्याला आवाज द्यायलाच नको होता."
"मग काय जन्मभर मुका ठेवायचा?"
"पण हा आवाज? हा?"
एक दाढीवाला पायरीवर बसून म्हणाला,
आमचं लहानपण विकून खाल्लं यांनी.
डोळे पुसले, उठला,
आणि उद्याच्या खेळाची दोन तिकिटं काढली.

शनिवारी मुलं. त्यांना फक्त जहाजाचं वाईट वाटलं.

मंगळवारी दुपारी निम्म्या तिकिटात म्हातारे.
त्यांत बेरिल ओल्ड्रॉइड, हेसल रोडची,
पर्समध्ये घरून आणलेलं सँडविच.
पहिला भाग नवऱ्यासोबत पाहिला होता, म्हणाली,
ट्रॉलर बंद पडलेल्या, तो घरी बसलेला,
थिएटरात निदान ऊब असायची.
आणि आजचा? मी विचारलं.
"आवाज बरा दिलाय," ती म्हणाली.
"मला वाटलं होतं, किनरा असेल."
मी धीर करून विचारलं: पण तो मोजत काय होता?
बेरिलनं माझ्याकडे असं पाहिलं,
जणू मी तिच्या ताटातलाच घास मागितला.
"अगं, सांगितलं तर तुला काय राहिलं?"

ग्रॅहमही सांगेना. तिकीट खिडकीवरची शॅनन सांगेना.
ज्या गोष्टीवरून हे गाव आठवडाभर
एकमेकांच्या उरावर बसलं होतं,
तिच्याबाबत मात्र सगळ्यांचं एकमत:
हिला सांगायचं नाही.

बुधवारी माझी सुट्टी. स्टाफचा पास.
रांग जी, सीट सात, मांडीवर कोट.
पहिल्यापासून पाहिला, जाहिरातींसकट.
कॅप्टन तरुण होती, हे मला ठाऊकच नव्हतं.
जहाजावर माणसं होती, पुष्कळ,
मी नेहमी यायचे तेव्हा त्यातलं कुणी उरलेलं नसायचं.

मटार काय मोजत होता, ते कळलं.
सांगणार नाही.

जहाज पेटलं, आणि माझे पाय आपोआप उठले.
सवय. "सॉरी, सॉरी" करत रांगेतून निघाले,
दारापाशी भिंतीला टेकले,
पडद्याकडे पाठ करून.
पुढचं पाठच होतं मला.
लोकांच्या चेहऱ्यांवर हिरवा उजेड
येत होता, जात होता,
एका पोरीचे ओठ ते वाक्य आधीच म्हणत होते.
मी मोजले. एकोणीस जण.
त्यातला एक झोपलेला.