कडेचे तुकडे

पहाटे दार उघडलं, तर पुन्हा काकड्या.
पायरीवर, जुन्या वर्तमानपत्रात, नऊ.
नाव नाही, चिठ्ठी नाही;
पण देठ असा तिरका कापतात ते ओगुरा आजोबाच.
जुलैत या खोऱ्यात चोर उलटे होतात:
अंधारात येतात नि भाजी ठेवून जातात.

माझ्या वाफ्यात काय कमी आहेत?
रोज पानं उचलून बघते, तरी एखादी नजर चुकवतेच
आणि दोन दिवसांनी मनगटाएवढी होऊन भेटते.

मासळीची गाडी येते गुरुवारी. आज सोमवार.
समुद्र तीन डोंगरांपलीकडे.
घरात आहे तो एवढाच:
पत्र्याच्या डब्यात नोरीची दहा पानं,
काळी, कोरडी, हिशोबाच्या कागदासारखी.
आचेवर धरली की हिरवट होतात
आणि स्वयंपाकघरात ओहोटीचा वास सुटतो.

भात लाकडी परातीत उलथला.
व्हिनेगर, साखर, मीठ.
मापं मी मोजत नाही, जीभ मोजते.
आता एका हाताने उलथनं आडवं चालवायचं,
शीत मोडू द्यायचं नाही,
आणि त्याच वेळी कुणीतरी वारा घालायचा.
हे दोन माणसांचं काम.
सहा वर्षं मी ते खुर्चीवर टेबलफॅन ठेवून भागवलं.
तो मान हलवत राहतो:
भात, भिंत, भात, भिंत.

शुइची ओसाकाहून आला मे महिन्यात.
दोन बॅगा, एक कुंडी, तीत नुसती वाळलेली माती.
किती दिवस, मी विचारलं नाही.
रात्री दोनला जिना करकरतो,
फ्रिज उघडतो, बराच वेळ उघडाच राहतो.
सकाळी मी अंडी मोजते
आणि कमी भरलेल्यांबद्दल बोलत नाही.

आज मागून वारा आला.
मी वळले नाही.
आवाजावरून ओळखला:
ट्रॅक्टर कंपनीचा तो प्लास्टिकचा पंखा,
त्याच्या वडिलांना जत्रेत फुकट मिळालेला,
एक काडी तुटलेली, म्हणून फडफडतो.
वाफ माझ्या चष्म्यावर, वारा मानेवर.
भाताला हळूहळू लकाकी आली.
"पुरे?"
"अजून थोडं," मी म्हटलं.
पुरे झालं होतं.

मग त्याला शिसो आणायला पिटाळलं.
आणली ती पानं किड्यांनी चाळणी केलेली.
"चांगली नव्हती?"
"होती. आत गेल्यावर भोकं कुणाला दिसतायत?"
हे बोलणं माझ्याकडूनच गेलंय त्याच्यात.

बांबूची चटई, तिच्यावर नोरी, तिच्यावर भात.
"पलीकडची बोटभर कड मोकळी सोड."
त्यानं सोडली नाही.
काकडी, उकडलेल्या शेंगा, गाजर, अंड्याची पट्टी,
सगळं एकाच घरात कोंबलं
आणि दाबलं, जशी तो बॅग भरतो.
गुंडाळी पोटात फुटली.
दुसरी फुटली नाही, पण वाकडी झाली;
सुरी ओली करून कापली तर प्रत्येक चकतीत
काकडी एका बाजूला सरकलेली,
तिरक्या नजरेनं बघणारी.

कडेचे तुकडे ताटात मांडायचे नसतात.
शेंगेचं टोक बाहेर, गाजर लोंबतंय, भात अर्धवट.
ते पाटावरच राहतात, करणाऱ्यासाठी.
लहानपणी तो त्यांच्यासाठीच
पाटाला हनुवटी टेकवून उभा असायचा.
आता पाट त्याच्या कमरेला लागतो.
त्यानं एक उचलला, मग दुसरा,
आणि तोंड भरलेलं असतानाच म्हणाला,
"तिकडची नोकरी नाहीये आता."
मी सुरी फडक्यावर पुसली.
"भात संपवायला हवा," म्हटलं, "उद्या दगड होईल."
हे उत्तर नव्हतं, मला माहीत आहे.
तो पुढचं पान आचेवर धरू लागला,
जरा जास्तच वेळ; मी बोलले नाही.

संध्याकाळी डबा देऊन त्याला धाडलं:
ओगुरांच्या पायरीवर ठेव आणि गुपचूप निघ.
जमलं नाही. आजोबा दारातच होते.
पाऊण तासानं परतला,
चपलांना चिखल,
कवेत सात वांगी.